संस्था मेली, बोजा मात्र जिवंत

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळीच आमच्या दाराशी माय-लेक येऊन उभे राहिले. घनसावंगी तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावचे. मुलगा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळ्यांच्या कारखान्यात कामाला. रात्रपाळी संपवून तसाच आलेला, डोळे तांबारलेले. मायने साठी ओलांडलेली. तिच्या हातात एक पिशवी, पिशवीत जुन्या लुगड्याचा तुकडा आणि त्यात गुंडाळलेले कागद. जयभीम झाला, पाणी झाले. चहाला माय नको नको म्हणत होती. आम्ही म्हणालो, "मावशी, चहा घेतल्याशिवाय कागद उघडायचा नाही." तेव्हा कुठे ती हसली.

कागद उघडले. सगळ्यात वर सात-बारा. क्षेत्र दोन एकर दहा गुंठे. मावशीच्या सासऱ्याने, म्हणजे या मुलाच्या आज्याने, सालदारकी करून जमवलेल्या पैशांतून घेतलेली जमीन. आपल्या समाजात स्वतःच्या नावाचा सात-बारा किती घरांत आहे हे आम्ही वाचकांना सांगायला नको. त्या सात-बाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात एका उपसा जलसिंचन सहकारी संस्थेचा बोजा. संस्था कधीच बंद पडली. पंप भंगारात गेला, पाइप कोणी उकरून नेले हे गावात सगळ्यांना ठाऊक, पण बोलत कोणी नाही. बोजा मात्र जसाच्या तसा. २०१९ साली मुलगा पीककर्जाला बँकेत गेला तेव्हा साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि कागद परत केला.

तिथून त्याची वणवण सुरू झाली. गावात कोणी म्हणाले, कोर्टात जा. तो तालुक्याच्या दिवाणी कोर्टात गेला. वकील लावला, २०२० साली दावा घातला, आणि २०२३ साली कोर्टाने दावा परत केला, हे आमच्या अधिकारात नाही म्हणून. मग दुसऱ्या वकिलाने सांगितले की सहकारी न्यायालयात जायला हवे होते. ते औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. रात्रपाळी करायची आणि सकाळच्या गाडीने तारखेला जायचे. तिथेही निकाल तोच: हा विवाद आमच्यापुढे चालत नाही. चार-साडेचार वर्षे आणि हजारो रुपये गेले. खरे-खोटे काय, देणे आहे की नाही, याचा एका शब्दाने विचार कोणी केला नव्हता. नुसते दार चुकले होते. मायने विचारले, "साहेब, इतकी दारं आहेत तर आमचं कोणतं, हे कोणीच कसं सांगत नाही?"

या आठवड्याचा हा लेख मावशीच्या त्या प्रश्नासाठी आहे. आम्ही काही सनद घेतलेले वकील नव्हेत. पण कायद्याचे पुस्तक उघडून वाचायला सनद लागत नाही, आणि आम्ही ते वाचले.

आपल्या राज्यातील सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा, अमलात आला २६ जानेवारी १९६२ पासून. संस्था गुंडाळायची कशी हे त्याच्या कलम १०२ पासून पुढे सांगितले आहे. सरकारी भाषेत याला 'अवसायन' म्हणतात, गावात 'लिक्विडेशन' म्हणतात. चौकशी, तपासणी किंवा लेखापरीक्षणानंतर निबंधकाला वाटले की संस्था गुंडाळावी. किंवा खास सर्वसाधारण सभेत हजर असलेल्यांपैकी तीन चतुर्थांश सभासदांनी तसा ठराव केला. किंवा संस्था सुरूच झाली नाही, बंद पडली, नोंदणीच्या अटी पाळीनाशी झाली, तर निबंधक आधी अंतरिम आदेश काढतो. त्यावर संस्थेला म्हणणे मांडायला एक महिना मिळतो. म्हणणे पटले तर आदेश मागे, नाही पटले तर अंतिम आदेश. मग कलम १०३ खाली अवसायक नेमला जातो. तो बहुधा सहकार खात्यातलाच एखादा अधिकारी असतो आणि त्याच्याकडे अशा पाच-पंचवीस मेलेल्या संस्था असतात. त्याने संस्थेची मालमत्ता ताब्यात घ्यायची, येणे वसूल करायचे, देणी कोणाची आधी ते ठरवायचे, सभासदांनी किती वाटा भरायचा ते ठरवायचे. या वाट्याला 'अंशदान' म्हणतात. हे सगळे अधिकार कलम १०५ चे.

मावशीच्या पिशवीतला तिसरा कागद असा अंशदानाचा आदेश होता. सन २००६ चा. नाव मावशीच्या नवऱ्याचे. रक्कम १८,७०० रुपये, वर व्याज, आणि न भरल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करू अशी तंबी. आम्ही विचारले, "मालक कधी वारले?" मावशी म्हणाली, "पोळ्याच्या आधी, अठ्ठ्याण्णव साली." मेलेल्या माणसाच्या नावे आठ वर्षांनी आदेश निघाला होता आणि तो घरी कोणाला मिळालाही नव्हता. नक्कल मिळाली ती मुलाने अर्ज केल्यावर, २०१९ च्या शेवटी.

आता दारांचा हिशेब.

पहिले दार दिवाणी कोर्टाचे. ते बंद आहे आणि त्याला दोन कुलुपे आहेत. कलम १६३ म्हणते, या कायद्याने ज्या गोष्टी निबंधकाकडे किंवा सहकारी न्यायालयाकडे सोपवल्या आहेत त्यांत दिवाणी न्यायालयाने हात घालायचा नाही. कलम १०७ आणखी स्पष्ट आहे: संस्था गुंडाळण्याशी संबंधित कोणतीही बाब दिवाणी न्यायालयाने विचारात घ्यायची नाही, आणि गुंडाळण्याचा आदेश झाल्यावर संस्थेविरुद्ध किंवा अवसायकाविरुद्ध दावा किंवा दुसरे कसलेही कायदेशीर काम निबंधकाच्या परवानगीशिवाय चालवायचे नाही. हे कलम पुस्तकात जेमतेम चार ओळींचे आहे. त्या चार ओळी आधी वाचल्या असत्या तर या मुलाची तीन वर्षे वाचली असती. त्या वकिलाने वाचल्या नसतील असे आम्हाला वाटत नाही. पण ते असो.

दुसरे दार सहकारी न्यायालयाचे, कलम ९१ चे. संस्थेची घटना, निवडणुका, सभा, कारभार आणि धंदा यांना स्पर्श करणारे विवाद तिथे जातात. पक्षकार कोण, तर संस्था, तिचे सभासद, माजी सभासद, मृत सभासदाचे वारस, आणि अवसायकसुद्धा. 'धंद्याला स्पर्श करणारे' या शब्दांवरूनच कज्जे किती झाले! १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने डेक्कन मर्चंट्स बँकेच्या खटल्यात सांगितले की धंदा म्हणजे संस्था आपल्या उद्देशांप्रमाणे जे नेहमी करते ते. संस्थेच्या इमारतीतल्या भाडेकरूशी भांडण हा संस्थेचा धंदा नव्हे. म्हणजे हे दारही सगळ्यांसाठी उघडे नाही. आणि कलम ९१ मध्येच एक परंतुक आहे. औद्योगिक विवाद इथे चालणार नाही. आणि निबंधकाचे जे आदेश, निर्णय किंवा कृती यांवर कलम १५२ खाली अपील किंवा १५४ खाली पुनरीक्षण सांगितले आहे, तेही इथे 'विवाद' धरले जाणार नाहीत. आमच्या या बंधूचा पाय नेमका इथे अडकला. त्याने आव्हान दिले होते कलम १०५ खालच्या आदेशाला. कलम १५२ मध्ये ज्या कलमांखालच्या आदेशांवर अपील होते त्यांत १०५ आहे. म्हणून सहकारी न्यायालयाने हात वर केले. कायद्याप्रमाणे ते बरोबरच होते.

म्हणजे दार तिसरेच. अपिलाचे. आदेश ज्या अधिकाऱ्याने दिला किंवा मंजूर केला त्याच्या दर्जावर ते कोणाकडे हे ठरते. निबंधकाच्या अधिकाराने झालेला आदेश असेल तर राज्य शासनाकडे, मंत्रालयात. खालच्या अधिकाऱ्याचा असेल तर निबंधकाकडे, म्हणजे आपल्याकडे ते अधिकार ज्यांना दिले आहेत त्या विभागीय सहनिबंधकांकडे. मुदत दोन महिने, आदेश कळवल्याच्या तारखेपासून. संस्था गुंडाळण्याच्या मूळ आदेशावरच तक्रार असेल तर वेगळे कलम, १०४. तिथेही मुदत दोनच महिने, पण ती आदेश निघाल्याच्या तारखेपासून. हा फरक दिसायला लहान आहे. पण कागद घरी पोहोचलाच नाही असे म्हणणाऱ्याचे नशीब याच फरकावर ठरते.

इथे एक शब्द सोडवून ठेवतो, कारण त्याने फार घोटाळा होतो. लोक 'ट्रिब्युनल', 'न्यायाधिकरण' म्हणतात तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी बोलत असतात. सहकारी न्यायालयाच्या निकालावर जिथे अपील जाते ते पूर्वी न्यायाधिकरण होते, आता त्याला राज्य सहकारी अपील न्यायालय म्हणतात. दुसरे कर्जवसुली न्यायाधिकरण, त्याबद्दल खाली लिहिले आहे. आणि तिसरे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, जे टीव्हीवर मोठमोठ्या कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या बातम्यांत येते. जालन्यात एका चहाच्या टपरीवर आम्ही स्वतः ऐकले की कारखाना बुडाला तर मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात जायचे म्हणे! तसे नाही. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते तिच्या हातून घडलेल्या राज्यघटनेची सातवी अनुसूची काढा. केंद्रसूचीतील ४३ वी नोंद व्यापारी निगम स्थापणे आणि गुंडाळणे केंद्राकडे देते, पण लगेच 'सहकारी संस्था सोडून' असे म्हणते. राज्यसूचीतील ३२ वी नोंद सहकारी संस्था राज्याकडे देते. संसदेने ९७ वी घटनादुरुस्ती करून सहकारासाठी नवा भाग घातला तेव्हा २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, राज्यांची संमती घेतली नाही म्हणून, राज्यातील संस्थांपुरता तो भाग रद्द केला. गावची उपसा संस्था, सेवा सोसायटी, सहकारी कारखाना हे राज्याच्या कायद्याचे पोर आहे, त्याचे जन्म-मरण राज्याच्याच कायद्याने. अनेक राज्यांत पसरलेली 'मल्टिस्टेट' संस्था असेल तर गोष्ट वेगळी. तिला २००२ चा केंद्राचा कायदा आणि दिल्लीचे केंद्रीय निबंधक. पावतीवर 'मल्टिस्टेट' छापले आहे का ते आधी पाहावे.

परत मावशीकडे येऊ. मुदत तर कधीच संपली, मग अपील कसे? कलम १५३ सांगते की पुरेसे कारण दाखवले तर मुदतीनंतरही अपील दाखल करून घेता येते. कारण इथे दोन. एक, आदेश मेलेल्या माणसाच्या नावे काढला, वारसांना कळवलाच नाही. तेव्हा दोन महिने मोजायचे कुठून? दुसरे, मधली वर्षे हा मुलगा झोपलेला नव्हता. तो कोर्टातच होता, चुकीच्या कोर्टात पण प्रामाणिकपणे. मुदतीच्या १९६३ च्या कायद्यात कलम १४ आहे: ज्या न्यायालयाला अधिकार नाही तिथे सद्हेतूने आणि नेटाने काम चालवण्यात गेलेला वेळ मुदतीतून वगळावा. ते कलम मूळ दाव्यांसाठी लिहिलेले आहे, पण त्यातले तत्त्व अपिलाला उशीर का झाला हे सांगताना पुढे करता येते. म्हणून दोन्ही कोर्टांचे दाखल तारखेचे आणि निकालाचे कागद जपून ठेवायचे. हरलेल्या खटल्याचा कागद माणूस रागाने फेकतो. मावशीने फेकला नव्हता.

आणि अपिलात म्हणायचे काय? इथे आम्हाला पुस्तकात जे सापडले त्याने आमचाच जीव हलका झाला. कलम ३३. संस्था गुंडाळण्याचा आदेश होण्याच्या आधीच्या दोन वर्षांत जो सभासद वारला असेल त्याच्या मालमत्तेवरची जबाबदारी अवसायनाचे काम संपेपर्यंत चालू राहते, तीही तो वारला त्या दिवशी संस्थेचे जे कर्ज होते तेवढ्यापुरती. दोन वर्षांत! मावशीचा नवरा १९९८ ला गेला. संस्थेचा अंतिम आदेश २००३ चा. मध्ये पाच वर्षे. वारसांपैकी कोणी सभासद झालेले नाही, भागाची पावती आजही मयताच्याच नावे आहे. मग २००६ साली हे अंशदान कोणाच्या डोक्यावर आणि कशाच्या आधाराने टाकले? मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीत आहे. एका दाखल्याने सुटू शकणारी गोष्ट वीस वर्षे सात-बाऱ्यावर बसून आहे.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे, नाहीतर लोक उद्या आमच्या नावाने बोटे मोडतील. संस्थेचे कर्ज वेगळे आणि संस्थेतून सभासदाने स्वतः उचललेले कर्ज वेगळे. नावापुढे 'मर्यादित' असलेल्या संस्थेत सभासदाची जबाबदारी त्याच्या भागापुरती असते. पण त्याने स्वतः जमीन तारण देऊन कर्ज घेतले असेल तर ते कर्ज मेल्यानंतरही जमिनीच्या मागे येते. असा वाद, म्हणजे 'आम्ही फेडले, तुम्ही जमा धरले नाही' हा, अपिलाचा नाही. तो कलम ९१ चा, सहकारी न्यायालयातला, आणि अवसायन चालू असेल तर आधी कलम १०७ ची निबंधकाची परवानगी काढून. या घरात तसे कर्जही होते, पण ते भूविकास बँकेचे, पाइपलाइनसाठी घेतलेले. भूविकास बँकाही अवसायनात गेलेल्या. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या सुमारे ३५ हजार कर्जदार शेतकऱ्यांची ९६४ कोटींची थकबाकी माफ केली, त्यात यांचे नाव आले आणि ती ओळ सात-बाऱ्यावरून कमी झाली. गावात पेढे वाटले म्हणे. दोन दिवसांनी लक्षात आले की खालची दुसरी ओळ तशीच आहे. माफी बँकेची होती, संस्थेची नव्हती.

अवसायन संपते कधी, हाही प्रश्न मुलाने विचारला. कलम १०९ आजच्या रूपात म्हणते की अवसायकाने ताबा घेतल्यापासून सहा वर्षांत काम संपवावे. निबंधक ही मुदत एका वेळी एक वर्ष अशी वाढवू शकतो. आणि कमाल मुदत संपली की काम संपले असे धरून तसा आदेश काढायचा. हे पुस्तकात आहे. कचेरीत काय आहे ते पाहायचे तर सहायक निबंधकाकडे लेखी अर्ज करून विचारावे: आमच्या संस्थेचा अवसायक कोण, ताबा कधी घेतला, मुदतवाढ किती वेळा, समाप्तीचा आदेश झाला का. उत्तर आले नाही तर २००५ च्या माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज. मुलाने केला. उत्तर आले की दप्तर शोधण्याचे काम सुरू आहे. आम्ही त्याला म्हटले, हेही उत्तरच आहे, जपून ठेव.

साखर कारखान्याचे दोन शब्द लिहिल्याशिवाय जालन्याचा वाचक हा लेख पुरा झाला असे म्हणणार नाही. रामनगरच्या जालना सहकारी साखर कारखान्यात आपले कितीतरी बांधव कामगार होते, काही घरांत भागाच्या पावत्या आजही फोटोमागे खोचून ठेवलेल्या आहेत. तिथली गोष्ट अवसायकाच्या दारची नाही. राज्य सहकारी बँकेने कर्जापोटी तो कारखाना लिलावात काढला. पुढे बँकेच्या कर्जव्यवहारांवर तक्रारी झाल्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०१९ च्या आदेशानंतर गुन्हा नोंदला गेला, आणि जून २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने सावरगाव हडप येथील कारखान्याची जमीन, इमारत, यंत्रे अशी ७८.३८ कोटींची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. जप्ती म्हणजे दोष सिद्ध झाला असे नव्हे, हे आम्ही मुद्दाम लिहितो. आपल्या विषयापुरते एवढेच की बँक जेव्हा २००२ च्या 'सरफेसी' कायद्याने तारण ताब्यात घेते तेव्हा तक्रारीचे दार कर्जवसुली न्यायाधिकरणाचे, मुदत ४५ दिवसांची, आणि दिवाणी कोर्ट तिथेही बंद. सहकारी बँकांना हा कायदा लागू नाही असा वाद बरीच वर्षे चालला. ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात तो संपवला. लागू आहे.

कामगारांचे दार आणखी वेगळे. थकलेला पगार, ग्रॅच्युइटी हे कलम ९१ मध्ये बसत नाही, ते कामगार कायद्यांच्या न्यायालयांत. पण भविष्य निर्वाह निधीबद्दल एक निकाल प्रत्येक कामगाराला माहीत असावा. कारखान्यांनी साखरेची पोती बँकेकडे तारण ठेवली होती आणि कामगारांच्या फंडाचे पैसे भरले नव्हते. पोत्यांवर आधी हक्क कोणाचा? राज्य सहकारी बँक म्हणाली आमचा. ऑक्टोबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फंडाची थकबाकी आधी, तारण धरलेल्या बँकेच्याही आधी. गोदामातल्या साखरेवर, म्हणजे, पहिला हात पोती उचलणाऱ्याचा. तेव्हा फंडाचा हिशेब मागताना कोणी 'कारखाना बुडाला, आता काय मिळणार' म्हणाला तर मान हलवून घरी येऊ नये. फंड कचेरीत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

या सगळ्यात आम्हाला खटकते ते एक. अवसायक नेमतो निबंधक. त्याच्या कामाला मंजुरी देतो निबंधक. त्याच्यावर दावा करायला परवानगी देतो निबंधक. आणि बऱ्याच आदेशांवर अपील ऐकतो तेही निबंधकाचेच खाते. सभासदांतील तंटे लवकर आणि स्वस्तात मिटावेत या हेतूने दिवाणी कोर्ट बाजूला ठेवले, हे आम्हाला मान्य आहे. पण ज्या घरात कायद्याचे पुस्तक नाही त्याच्यासाठी ही लवकर मिटणारी व्यवस्था कशी चालते ते मावशीच्या पिशवीत दिसते. शेवटी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात अनुच्छेद २२६ आणि २२७ खाली रिट करता येते, ते दार कोणत्याही कलमाने बंद होत नाही. मात्र तिथे पहिला प्रश्न हाच होतो की खालचे अपील केले होते का.

खर्चाचे काय, असे मुलाने हळूच विचारले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ आम्ही त्याला वाचून दाखवले. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीच्या सवलती लागू आहेत, तेव्हा माय-लेक दोघेही पात्र. आणि त्या कायद्यात 'न्यायालय' या शब्दात न्यायाधिकरण आणि न्यायनिवाडा करणारे अधिकारीही येतात, म्हणून निबंधकापुढच्या अपिलालाही ही मदत मागता येते. अर्ज जालन्याच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करायचा. तिथे या दोघांना आधी कोणीच पाठवले नव्हते.

अर्ज झाला. वकीलबाई मिळाल्या, त्यांनी पिशवीतले सगळे कागद तारखेप्रमाणे लावून घेतले आणि मावशीला म्हणाल्या, "मावशी, तुमच्यासारखे कागद जपणारे पक्षकार आम्हाला मिळत नाहीत." अपील आणि सोबत विलंब माफीचा अर्ज दाखल झाला आहे, क्रमांक पडला आहे, समोरच्यांना नोटीस निघाली आहे. पुढची तारीख महिनाअखेरची. मुलाने त्या दिवसाची पाळी बदलून घेतली आहे. निकाल लागला की तो काहीही असो, याच जागेवर लिहू.

ज्या वाचकांच्या घरी अवसायनातल्या संस्थेची नोटीस, अंशदानाचा आदेश किंवा सात-बाऱ्यावर असा जुना बोजा आहे त्यांनी आम्हाला कळवावे. सोबत संस्थेचे पूर्ण नाव, सभासद हयात आहे की नाही, नसेल तर वारल्याची तारीख, आणि आदेश हाती कधी आला ती तारीख लिहावी. कागदांची झेरॉक्स पाठवावी, मूळ कागद पाठवू नये. मागे एका बंधूने मूळ भागपत्रच पाकिटात घालून पाठवले होते, ते परत द्यायला आम्हाला बदनापूरपर्यंत जावे लागले.